किती मार्कांनी भागतं?

गेल्या रविवारी विहारातून घरी येते तोच चाळीतल्या एक वहिनी दारात उभ्या. "जयभीम ताई, जरा आमच्याकडं चला. पोरीनं दोन दिवस धड खाल्लं नाही." पोरगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. निकाल लागला होता. नापास झाली असेल असं वाटून मी तशीच गेले. बघते तर काय, बाईसाहेबांना दहापैकी साडेआठ! रडू कशाचं, तर वर्गात पहिली आली नाही याचं.

वडील रात्रपाळीचे वॉचमन. ते वैतागून म्हणाले, "ताई, तीन-तीन तास झोपते ही. डोळ्यांखाली काळं बघा. एवढं करून पुढं काय? पास झालं की डिग्री मिळतेच ना? नोकरीला कोण मार्क बघतंय?"

मुलगी भिंतीकडं तोंड करून बसलेली. तशीच म्हणाली, "आपल्याला ओळखतं कोण, पप्पा? माझे मार्कच बघतील ना."

तिचं हे बोलणं मला लागलं. कारण ते खरं आहे. दुसऱ्यांच्या मुलांना मामाचं ऑफिस असतं, वडिलांचे मित्र असतात. एका फोनवर काम होतं. आपल्या मुलांच्या हातात गुणपत्रिकेशिवाय काय असतं?

आपल्या वस्तीत काही बहाद्दर पोरं आहेत. अभ्यासाचं नाव काढलं की म्हणतात, बाबासाहेबांना तरी मॅट्रिकला कुठं जास्त मार्क होते? बरोबर आहे. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. म्हणजे शंभरात अडतीससुद्धा नाहीत. (तेव्हा गुण हात आखडून देत, हे ही पोरं सांगत नाहीत. परळच्या एका खोलीत सगळं कुटुंब राहत असताना तो अभ्यास झाला, हेही नाही.) पण त्या मुलाला चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला केळुसकर गुरुजींनी पाहिला होता. पुढं त्यांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडं शब्द टाकला. त्या शिष्यवृत्त्यांवर बाबासाहेब बी.ए. झाले आणि १९१३ साली अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. आज शिष्यवृत्तीचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा असतो. बागेत कोण वाचत बसलंय ते त्या कॉम्प्युटरला दिसत नाही. त्याला फक्त आकडा कळतो.

तेव्हा आकडा लागतोच. पण किती? मी कागद-पेन मागितलं आणि पोरीला जवळ बसवलं.

कलेक्टर व्हायचं असेल, तर यूपीएससीला पदवी लागते, टक्क्यांची अट नाही. तिथं तुझे पप्पा बरोबर. प्राध्यापक व्हायचं तर नेट परीक्षेला बसायला एम.एस्सी.ला ५५ टक्के हवेत, आपल्याला ५०. परदेशात शिकायला केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे, तिला आधीच्या परीक्षेत ६० टक्के लागतात. बऱ्याच कंपन्याही ६० च्या खालच्यांना मुलाखतीला बोलावत नाहीत. म्हणून, दादा, "नुसतं पास हो" हे मुलांना सांगू नका. ५८ टक्केवाल्या पोराला दारातूनच परत फिरावं लागतं, मग तो कितीही हुशार असो.

पण साठ ओलांडून चांगलं पुढं गेल्यावर? साडेआठ की साडेनऊ, हे यातल्या कुठल्या दारावर विचारतात?

तिनं डोळे पुसले. म्हणाली, "मला एम.एस्सी.ला आयआयटीत जायचंय."

मग तर सोपंच झालं. त्यासाठी जॅम नावाची वेगळी परीक्षा असते. तिथं कॉलेजातला पहिला नंबर कामाला येत नाही, त्या परीक्षेतले गुण मोजतात. प्रश्नही पाठ करून सुटणारे नसतात, विषय डोक्यात उतरलेला लागतो. ही पोरगी रात्री दोन वाजेपर्यंत काय करत होती, तर मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची उत्तरं घोकत होती. साडेआठचं साडेनऊ करायला. तेच तास जॅमच्या पुस्तकाला दिले, थोडे इंग्रजी वाचायला दिले आणि दोन तास झोपेला दिले, तर तिची मेहनत वाया जाणार नाही. हे तिला पटलं की नाही कोण जाणे. पहिल्या नंबरची ओढ अशी एका दिवसात सुटत नाही. शिवाय वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचं नाव काय, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

निघताना मी सहज विचारलं, "सकाळचं पाणी कोण भरतं? भांडी कोण घासतं?"

वहिनी चारच्या पाळीला हाउसकीपिंगला जातात. दादा सकाळी येऊन झोपतात. धाकटा बारावीला आहे, म्हणून त्याला कामाला लावत नाहीत. उरलं कोण? कुणी बोलेना. दादा खाली बघत राहिले. मग त्यांनीच धाकट्याला हाक मारली आणि मोरीकडं बोट दाखवलं. तो कुरकुरत उठला.

वहिनींनी पोरीपुढं ताट ठेवलं. पहिला घास घेताना तिनं विचारलं, "ताई, जॅमचा फॉर्म कधी निघतो?"

"सप्टेंबरात," मी म्हटलं, "आधी जेव."