तलावांतील पेरलेला मासा व काठावरचा गळ

पावसाळा सरून सीना-कोळेगांव, खासापुरी व चांदणी या तलावांचें पाणी निवळूं लागलें, कीं आपल्या परंडा तालुक्यांत काठाकाठानें गळ टाकून बसलेली मंडळी दिसूं लागतात. त्यांत शेतकऱ्यांचीं मुलें असतात, गडी असतात, क्वचित् खुद्द शेतकरीही असतो. मासा पाण्यांत, पाणी आपल्या उशाशीं. मग विचारावयाचें कोणास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत आम्हांस सर्वस्वीं बरोबर वाटत नाहीं. ती सर्वस्वीं चूक आहे असेंही म्हणवत नाहीं.

रोहू, कटला, मृगळ हे मासे सीनेचे मूळचे नव्हेत. ते गंगेकडील खोऱ्यांतले. सांठलेल्या पाण्यांत ते सहसा अंडीं घालीत नाहींत. १९५७ सालीं ओडिशांत हिरालाल चौधरी यांनीं मस्तकांतील ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांस अंडीं घालावयास लाविलें, आणि तेव्हांपासून त्यांचें बीज केंद्रांत तयार करणें शक्य झालें. प्रथम जिरें, मग बीज, मग बोटाएवढी बोटुकली. ती विकत घेऊन तलावांत सोडावयाची. तलाव सरकारकडून ठेक्यानें मिळतो तो मच्छीमारांच्या सहकारी संस्थांस. ठेक्याची रक्कम त्यांची, बीजाचा खर्च त्यांचा, उन्हाळ्यांत पाणी आटलें तर बूडही त्यांची. याला पेरणी म्हणावयाचें नाहीं, तर कशाला?

आपल्या शेतीचाच दाखला घेऊं. ज्वारी हुरड्यावर आली असतां वाटसरूनें चार कणसें मोडलीं, तर कोणी भला शेतकरी त्याला हटकीत नाहीं. उलट आगटीपाशीं बसवून घेतो. पण तोच मनुष्य गाडी घेऊन आला तर? गळानें धरलेले घरच्या कालवणापुरते दोन मासे हा हुरडा आहे. रात्रीं जाळें टाकून बाजारीं नेलेली पाटी ही चोरी आहे. (सुरुंग व विष यांविषयीं येथें बोलतच नाहीं. तो १८९७ च्या कायद्यापासून गुन्हाच आहे.)

यावर काठचा शेतकरी म्हणेल, कीं ज्या तळावर हे मासे चरतात ती जमीन आमच्या वाडवडिलांची होती. हें म्हणणें खरें आहे, आणि संस्थांनीं तें ऐकलें पाहिजे. परंतु जमिनीचा वाद सरकारशीं आहे. तो मच्छीमाराच्या बोटुकलीवर काढणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

आतां दुसरी बाजू. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅल्मन माशांचीं पिलें केंद्रांत वाढवून नद्यांत सोडतात. सोडण्यापूर्वीं पुष्कळांच्या पाठीवरील शेपटीजवळचा लहान मांसल पर कापतात. तो पर नसलेला मासा ठेवावा, असलेला सोडून द्यावा, असा पुष्कळ ठिकाणीं नियम आहे. आपल्याकडे माशाची जातच खूण आहे. रोहू, कटला लागला तर तो बहुधा पेरलेला. मरळ, वाम लागली तर ती नदीची. गोम अशी, कीं जो मासा धरल्यानें नदीचें कांहीं बिघडत नाहीं तो दुसऱ्याच्या पैशाचा, आणि ज्यावर कोणीं पैसा घातलेला नाहीं तोच राखावयाचा. पावसाळ्यांत पाण्याच्या पृष्ठावर मरळीच्या तांबूस पिलांचा घोळका दिसतो. खालीं मायबाप राखण करीत असतात. त्या वेळीं त्यांस गळाला लावणें म्हणजे सगळा घोळका इतर माशांच्या तोंडीं देणें होय. फुकटचा मासा म्हणून हेंच आपल्याकडे सर्रास चालतें.

पेरलेला मासा निरुपद्रवी असतो असेंही नव्हे. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटा कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत महासीर उबविण्यास आरंभ केला. हेतु स्तुत्यच होता, आणि तेथील पिलें देशांतील अनेक नद्यांत गेलीं. कावेरींत मात्र बाहेरून सोडलेला निळ्या पराचा महासीर फोफावला, आणि तेथला मूळचा कुबडा महासीर २०१८ सालीं अत्यंत संकटग्रस्त ठरला. कांहीं संशोधक या दोन गोष्टींचा संबंध जोडतात. सप्टेंबर २०२५ च्या महापुरांत सीनाकाठचीं गांवें वेढलीं गेलीं, तेव्हां तलावांतील मासा भीमेपर्यंत जाण्यास कोणता बांध आडवा होता? म्हणून मनाई असलेला आफ्रिकी मांगूर शेततळ्यांत गुपचूप पाळणाऱ्या कोणासही आमचा पाठिंबा नाहीं.

आमची सूचना साधी आहे. संस्थेनें बीज सोडण्यापूर्वीं काठच्या गांवकऱ्यांशीं बसून ठरवावें: दिवसा एक गळ, घरापुरता मासा, विक्री नाहीं, बोटुकली लागली तर परत, बीज सोडल्यावर कांहीं महिने व पावसाच्या आरंभीं गळही बंद. माळकरी बंधूंस या चर्चेचें कारण नाहीं असें वाटेल. पण उसाला पाणी तेही तलावांतूनच घेतात. चैत्रांत शेवटच्या फुटापर्यंत मोटारी चालवून मग चिखलांत तडफडणारा मासा पाट्यांनीं वेंचला जातो, तेव्हां गळ वाल्या पोरास दटावण्याचा अधिकार आपल्यांपैकीं कितीजणांस उरतो?