ओळख आधी हवी

हैदराबादेतल्या जामबागेच्या फुलबाजारात आजही एकाच टोपलीतला गुलाब तीन ठिकाणी जातो. कुणाच्या देवघरात, नामपल्लीच्या यूसुफैन दर्ग्यावरच्या चादरीत आणि रात्रीच्या निकाहच्या सेहऱ्यात. विकणारा गिऱ्हाइकाचा धर्म विचारत नाही, भाव तेवढा वाढवून सांगतो. बाजारात आपलं सगळ्यांचं छान जमतं. बाजार उठला की मात्र ज्याचा त्याचा मोहल्ला आणि ज्याचं त्याचं गेट.

पूर्वी असं नव्हतं. शालीबंडा, हुसेनी आलम भागात मराठी कुटुंबं मुसलमान शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिली. आजोबा सकाळी उर्दू वर्तमानपत्र वाचत आणि संध्याकाळी गावाकडे मराठीत पत्र लिहीत. 1978 च्या आणि मग डिसेंबर 1990 च्या दंगलींनी वस्त्या विस्कटल्या. आपण मराठी माणसं काचीगुड्याकडे सरकलो, तिथून आणखी लांब, नव्या अपार्टमेंटांत. ते त्यांच्यातल्यांत राहू लागले, आपण आपल्यातल्यांत. कोणी आधी घर सोडलं, हा हिशेब इथे नको. त्याचं व्याज मात्र नातवंडं भरतायत. त्यांना उर्दू वाचता येत नाही (खरं सांगायचं तर मराठीही अडखळतच येते), आणि शीरखुर्मा म्हणजे हॉटेलातला एक पदार्थ, एवढीच त्यांची ईद.

हे मराठी माणसाने सांगायलाच हवं, कारण या शहरात आपण दोन्ही अंगणांत वावरलो. जामबागेतली विवेक वर्धिनी शाळा उभी राहिली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीच्या धडपडीतून. केशवराव वकील होते, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. तेव्हा दरबाराची आणि कोर्टाची भाषा उर्दू. दिवसभर उर्दूत कामकाज करून त्या पिढीने मराठी शाळा चालवली, आणि दोन्हींत तिला काही अडचण वाटली नाही. निजामाच्या राजवटीशी तिचे झगडे झाले, ते लपवायचं कारण नाही. पण राजवटीशी झगडा वेगळा आणि शेजाऱ्याशी अबोला वेगळा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच मुशीतले सेतुमाधवराव पगडी शिवचरित्राचे अभ्यासक म्हणून आपल्याला माहीत आहेत. त्यांनीच सूफी संप्रदायावर मराठीत ग्रंथ लिहिला आणि गालिबही मराठी वाचकाच्या हाती दिला. शिवाजी महाराज आणि सूफी एकाच टेबलावर ठेवणारा हा माणूस आपला. आपण त्याचं निम्मंच टेबल वाचतो.

शेजार तुटला तर बिघडलं काय, असं कोणी विचारेल. उत्तर भिवंडीत आहे. 1970 आणि 1984 मध्ये हे गाव भीषण दंगलींत होरपळलं. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या केल्या. त्यांत यंत्रमागवाले होते, दुकानदार होते, दोन्ही धर्मांची साधी माणसं होती. ही माणसं नियमाने एकत्र बसायची, नळाचं पाणी, गटार, भाडेकरूंची भांडणं असलंच काही बोलायची. वरवर पाहता त्यात सलोखा वगैरे काही नव्हतं. मग डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे 900 माणसं गेली. शेजारची भिवंडी शांत राहिली. अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला समोरच्या गल्लीत ओळखीचं माणूस होतं. अशी ओळख दंगलीच्या रात्री करून घेता येत नाही. गटाराच्या बैठकीतच ती झालेली असावी लागते.

आपल्या शहरातही हे घडलंय. हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट ही संस्था 1930 साली लाहोरला सुरू झाली, ती मुसलमानांत ख्रिस्ती धर्मप्रसार करणाऱ्यांच्या अभ्यासासाठी. 1970 च्या दशकात ती हैदराबादेत आली. प्रसारापेक्षा धर्माधर्मांतलं सामंजस्य हे तिचं काम झालं. 1990 च्या दंगलीनंतर तिची माणसं जुन्या शहरात मदत घेऊन गेली आणि पुढे सुलतान शाहीत ‘अमन शांती’ हे काम उभं राहिलं. हिंदू आणि मुसलमान बाया तिथे शिवणकामाला शेजारी बसल्या. परिसंवादांपेक्षा माझा या शिलाई मशिनींवर जास्त भरवसा आहे.

आणि अगदी अलीकडचं. 28 सप्टेंबर 2023 ला गणेश विसर्जन आणि मिलाद-उन-नबी एकाच दिवशी आले. बालापूरच्या गणपतीची मिरवणूक चारमिनारवरून मोअज्जमजाही मार्केटकडे येते, म्हणजे आपल्या दारावरून. शहराच्या पोटात गोळा आला होता. मिलादच्या आयोजकांनी आपली मिरवणूक 1 ऑक्टोबरला नेली. मुंबईतही जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला. पुढच्या वर्षी पुन्हा दोन दिवस लागून आले, पुन्हा हैदराबादच्या मिलाद जुलूसाने तारीख बदलली. आपल्यापैकी किती मंडळांनी जाऊन शुक्रिया म्हटलं? ज्यांनी म्हटलं त्यांना सलाम. बाकीच्यांना उशीर झालेला नाही. कोल्हापूरकडच्या कुरुंदवाडात मशिदींमध्ये गणपती बसतो. आपल्याला तेवढं लगेच जमायची गरज नाही. एक पेढ्यांचा पुडा घेऊन चार पावलं चालणं जमेल.

तर हे करू या. आपल्या घरातली उर्दू येणारी म्हातारी माणसं अजून आहेत. रविवारी तासभर त्यांना पोरांसमोर बसवू या, अलिफ-बे शिकवू द्या. बदल्यात शेजारच्या मुलांना मराठी हवी असेल तर ती आपण शिकवू. आपल्या वाचनाच्या कार्यक्रमांत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ येऊ द्या. मुसलमान घरातला हा संतकवी मराठीचाच आहे आणि त्याचं नाव आपल्या पोरांना ठाऊक नाही. गौलीगुड्याचा गुरुद्वारा आणि टिळक रोडची पारशी अग्यारी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. अग्यारीत आत जाता येणार नाही, पण दारापाशी थांबून कोणाला चार गोष्टी विचारता येतील. भाडेकरू ठेवताना आडनाव ऐकून ‘जागा गेली’ म्हणण्याची सवय सोडू. मोबाइलवर आलेला भडक व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी त्या वस्तीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करू. असा नंबर आपल्याकडे नसेल, तर काम तिथूनच सुरू करायचं आहे.

आणि गणपतीच्या तयारीला लागण्याआधी एक बैठक. जामबाग, पुतळीबावली, गौलीगुडा इथली मंडळं, जवळच्या मशिदींची माणसं, गुरुद्वाऱ्यातलं कोणी, फुलवाले तर हवेतच. विषय साधे ठेवू: अजानच्या वेळी ढोल किती मिनिटं थांबवायचे, कोणत्या वळणावर दोन्हीकडचे स्वयंसेवक उभे राहतील, ॲम्ब्युलन्सला कुठली गल्ली मोकळी ठेवायची, रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल. सतरंज्या आपल्या मंडळाच्या. इराणी चहा कोण आणणार, ते तेवढं आजच सांगा.