वाघासाठी रस्ता उंच, माणसासाठी जिना

महामार्ग ओलांडण्याच्या बाबतीत या देशात वाघाची सोय माणसापेक्षा अधिक विचारपूर्वक झाली आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. त्याच्या चौपदरीकरणाचा वाद न्यायालयात गेला, भारतीय वन्यजीव संस्थेचे अभ्यासक आले आणि मनसर ते खवासा या टप्प्यात नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी खालून वाट सोडण्यात आली. त्यांतील सर्वांत मोठी वाट ७५० मीटरची आहे. २०१९ मधील पाहणीत तेथील कॅमेऱ्यांनी १८ जातींचे वन्यप्राणी टिपले. त्यात वाघ ८९ वेळा. प्राणी जमिनीवरच राहिला, चढण वाहनांच्या वाट्याला आली.

राजधानीच्या वेशीवर नेमके उलटे घडले. २७.७ किलोमीटरचा दिल्ली-गुडगाव द्रुतगती मार्ग जानेवारी २००८ मध्ये खुला झाला. मोटारींनी सिग्नलविना धावावे, ही त्यामागची कल्पना. दोन्ही अंगांना वस्त्या, कारखाने आणि बसथांबे असताना पायी जाणाऱ्याने पलीकडे कसे जावे, हा प्रश्न ऐरणीवर आला तो माणसे मरू लागल्यावर. टोलच्या हिशेबात प्रत्येक वाहन मोजले जाते; पादचारी कोणत्याच रकान्यात बसत नाही. तो मोजला जातो अपघातांच्या अहवालात. २०२२ मध्ये देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ बळी गेले, त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते.

पूल बांधला की प्रश्न सुटतो, असेही नाही. राष्ट्रीय महामार्गावर वाहनांसाठी साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते. तुळईची जाडी धरली तर पादचाऱ्याला सुमारे सहा मीटर चढावे लागते. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या चाळीस पायऱ्या आणि तेवढ्याच उतरायच्या. चाकाची खुर्ची जाऊ शकेल असा, बारा मीटरला एक मीटर चढणारा उतरता मार्ग करायचा तर एकेका बाजूस किमान ७२ मीटर लांबी हवी. महामार्गाच्या हद्दीत एवढी जागा सहसा नसते. मग जिना उभा राहतो आणि डोक्यावर बोजा घेतलेली बाई दुभाजकाच्या वाकलेल्या गजांमधून वाट काढते. लोकांना शिस्त नाही, हा शेरा त्यानंतर फायलीवर येतोच.

वस्तुतः जागा पुष्कळदा शेजारीच असते, पण ती दुसऱ्याची असते. राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत, इतर रस्ते व पूल राज्यसूचीत, बागा-उद्याने बाराव्या अनुसूचीप्रमाणे नगरपालिकांकडे. दिल्लीत त्यात विकास प्राधिकरण आणि वनखात्याची भर. शून्य प्रहरात खासदार पूल मागतात, मंत्रालय व्यवहार्यता तपासते. पुलाचे पाय जेथे टेकणार त्या जमिनीची चर्चा सभागृहात क्वचितच होते.

हरितमार्गाचे महत्त्व येथे आहे. २०१९ मध्ये तुघलकाबाद येथे दिल्लीतील हरितपट्ट्यांमधून जाणाऱ्या सुमारे २०० किलोमीटर पायवाट-सायकलमार्गाची कोनशिला बसवण्यात आली. कल्पना चांगली होती. परंतु असा मार्ग मोठ्या रस्त्यापाशी येऊन तुटला तर तो सकाळच्या फेरफटक्यापुरता उरतो. कामावर जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. उलट, पायवाट आणि पूल एकत्र आखले तर ते ७२ मीटर हरितपट्ट्यातच मातीच्या भरावावरून हळूहळू चढवता येतात. जिन्याची गरजच राहत नाही. अर्थात, त्यासाठी दोन खात्यांनी एका नकाशावर सही करावी लागते, आणि दिल्लीत हे काम भराव घालण्यापेक्षा अवघड आहे.

कायदा मात्र आडवा येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३८ (१अ) राष्ट्रीय महामार्गांवरील पादचाऱ्यांबाबतही नियम करण्याचा अधिकार राज्यांना देते; अट एवढीच की महामार्ग प्राधिकरणाशी सल्लामसलत व्हावी. राज्यांनी हे नियम सहा महिन्यांत करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. महामार्गाचा प्रकल्प अहवाल मंजूर होण्यापूर्वीच दोन्ही बाजूंच्या पायवाटा नोंदवून ओलांडणीची जागा ठरावी, एवढे एक कलम त्या नियमांत असायला हवे. पेंचमध्ये अभ्यासकांनी प्राण्यांच्या वाटांच्या बाबतीत हेच केले होते.