विश्लेषण : बोका घरात लघवीचे फवारे का मारतो? त्याला सोडून देणं हा उपाय का नाही?

घरात लघवीचा उग्र वास पसरला की काहीजण बोक्याला लांब नेऊन सोडतात. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमार होईल अशा रीतीने प्राण्याला सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र फक्त १० ते ५० रुपये.

बोका असं का करतो?
शेपूट उभारून भिंतीवर, पडद्यावर फवारा मारणं म्हणजे हद्द आखणं. तो सूड नव्हे, त्यामुळे मारून उपयोग नाही. नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये हे जास्त दिसतं. खिडकीबाहेरची परकी मांजरं, घरातले बदल यांनीही ते वाढतं.

उपाय काय?
नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते किंवा खूप कमी होते. वास उरला तर बोका तिथेच परततो, म्हणून डाग एन्झाइम क्लीनरने पुसा. फिनेल टाळा, ते मांजरांना विषारी ठरू शकतं.

डॉक्टरकडे कधी न्यावं?
बोका वारंवार बसून जोर लावतोय, पण लघवी होत नाही? मग ही सवय नाही. मूत्रमार्ग तुंबला असू शकतो आणि त्यात एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. लगेच पशुवैद्य गाठा.