नवा न्याहाळक आणि जुनी सकळ लिपी

खांदा कॉलनीत आम्हां तिघा-चौघांचा जो सामाईक संगणक होता, त्याला अखेर निरोप द्यावा लागला. त्यावरील विंडोज ७ या प्रणालीचा अधिकृत सांभाळ जानेवारी २०२०मध्येच थांबला होता. क्रोम या न्याहाळकाची १०९ ही आवृत्ती त्या प्रणालीवर चालणारी शेवटची, तीही २०२३च्या आरंभीची. तरी आम्ही रेटत होतो. बँकेचे पान उघडेनासे झाले तेव्हा मात्र हार मानली आणि विंडोज ११ असलेले नवे यंत्र घरात आणले. (ब्राउझरला ‘न्याहाळक’ म्हणण्याची रीत मराठी संकेतस्थळांनी पाडली. काहींना तो शब्द ओढूनताणून केलेला वाटतो. आम्हांला आवडतो, म्हणून वापरतो.)

नव्या न्याहाळकाविषयी कुरकुर करण्याजोगे पुष्कळ आहे. ओळखीची मेनूची पट्टी गेली, पत्ता लिहायची आणि शोध घ्यायची चौकट एकच झाली, जपून ठेवलेले दुवे कोठे गेले ते चार दिवस कळेना. पण या तक्रारींचे आयुष्य आठवडाभराचे. नव्या घरात विजेचे बटण अंधारात चाचपावे लागते, पुढे हात आपोआप तेथे जातो. त्यावर लेख लिहिण्याचे कारण नाही.

कारण निराळे आहे. आमच्या परिसरात राहणाऱ्या एका प्राध्यापकांनी २००२ ते २००५ या काळात आगरी लग्नांतील धवल्यांविषयी चोवीस लेख लिहिले होते. धवलारिणींकडून ऐकलेले शब्द, त्यांचे पाठभेद, विधींचा क्रम, असा सारा ऐवज त्यांत आहे. ज्या संकेतस्थळावर ते आले ते बंद पडले, प्राध्यापकही आता नाहीत. लेख उरले ते आमच्या जुन्या यंत्रात साठवलेल्या पानांच्या रूपाने. नवे यंत्र आल्यावर आम्ही ती पाने काळजीपूर्वक उतरवून घेतली, जुने यंत्र दुकानदाराच्या हवाली केले, आणि पहिला लेख उघडला. समोर रोमन अक्षरे, टोपी घातलेले स्वर, मध्येच पौंडाचे चिन्ह! चोवीसही लेखांची तीच गत. आम्ही लेख आणले होते, पण टंक जुन्या यंत्रातच राहिले होते. दुकानदाराकडे धावलो तोवर त्याने डिस्क पुसून टाकली होती. दोष त्याचा नाही. टंक हा मजकुराचा भाग असतो हे आम्हांलाच सुचले नव्हते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार थोडा उलगडून सांगितला पाहिजे. त्या काळातील बहुतेक मराठी टंक संगणकाला चकवून चालत. संगणक समजे की आपण रोमन अक्षर साठवतो आहोत. टंक मात्र त्या अक्षराच्या जागी कोठे काना, कोठे अर्धा श, कोठे वेलांटी असे तुकडे रेखाटी. शिवाय कोणत्या रोमन अक्षराच्या जागी कोणता तुकडा हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलेले. भारतीय लिप्यांसाठी १९९१चे ‘इस्की’ हे प्रमाण होते, त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण बाजारात चालले ते हे चकव्याचे टंक. इंटरनेट एक्स्प्लोअररमध्ये पानासोबत टंक आपोआप उतरवून घेण्याची सोय होती, ती केवळ त्याच न्याहाळकापुरती आणि बहुधा त्याच संकेतस्थळापुरती. संकेतस्थळ बुडाले की टंकही बुडाला. जून २०२२मध्ये तो न्याहाळकही निवृत्त झाला. एजमध्ये त्याचा एक अवतार किमान २०२९पर्यंत राहणार आहे. तो आम्ही वापरून पाहिला. टंकच नाही तेथे अवतार काय करणार?

अनेक मराठी पानांच्या माथ्यावर एक सूचना असे, ती आमच्या पिढीला आठवत असेल: अक्षरे नीट दिसत नसल्यास मेनूत जाऊन ‘एन्कोडिंग’ बदला. तो मेनू क्रोमने २०१६च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून काढून टाकला. फायरफॉक्सने २०२१मध्ये त्याच्या जागी दुरुस्तीचा एकच पर्याय ठेवला. फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाची एक जोडणी होती, ती भारतीय भाषांतील जुन्या टंकांची पाने जागच्या जागी युनिकोडमध्ये पालटून दाखवी. नोव्हेंबर २०१७मध्ये फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली, जुन्या घडणीच्या जोडण्या एकजात बंद झाल्या आणि पद्माही त्यांबरोबर गेली. यांतला प्रत्येक निर्णय सुरक्षिततेच्या वा वेगाच्या दृष्टीने रास्तच असेल. मराठी मजकुराचे काय होईल हा विचार मात्र तो घेणाऱ्यांनी करावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने ठेवायची? मराठीच्या प्राध्यापकांनी तरी तो कोठे केला?

आम्हांला या निमित्ताने महानुभावांची सकळ लिपी आठवली. तीतही एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह ठेवलेले असे, आणि किल्ली पंथापाशी. मराठीतले आरंभीचे गद्य त्या कुलपामागे कित्येक शतके राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी लिपी उलगडल्यावर पंथाबाहेरच्या अभ्यासकांना वाचता येऊ लागले. महानुभावांनी निदान किल्ली जपली, शिष्यपरंपरेने हस्तांतरित केली. आपली किल्ली एका सीडीत होती, आणि ती सीडी चालवायला संगणकाच्या पाठीमागे एक डोंगल खोचावे लागे.

‘आता युनिकोड आहे, प्रश्न मिटला’ असे आमचे एक स्नेही म्हणतात. युनिकोडचे ऋण आम्ही नाकारत नाही. विंडोजवर मराठी सहज दिसू लागली ती ‘मंगल’ या टंकामुळे. तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. २००८मध्ये निवर्तलेले जोशी स्वतः कवी होते, अक्षराच्या आकाराचीच कविता करणारे. पण विंडोज १०पासून तो मंगलदेखील मुख्य साठ्यातून ऐच्छिक पुरवणीत गेला आहे. यंत्राला मराठी वा हिंदी भाषा जोडली तरच तो येतो, एरवी निर्मला हा टंक त्याची जागा घेतो. मजकूर शाबूत राहतो हे खरे. तरी शासनाने देठाचा श आणि पाकळीचा ल प्रमाण ठरवल्यावरही पडद्यावर कोणता ल दिसेल हे पानाने आपली भाषा मराठी म्हणून सांगितली आहे की नाही आणि टंकात ती सोय आहे की नाही यावर ठरते. हा तपशील क्षुल्लक मानणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही.

क्षुल्लक नाही ते रूपांतर. एका परिचिताकडे त्या टंकाची प्रत निघाली, त्यावरून आम्ही तक्ता बनवला आणि लेख युनिकोडमध्ये पालटायला घेतले. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडात नंतर. रफाराचे याच्या उलट. हे सारे यंत्राने बरे सांभाळले. मग सातव्या लेखात वाचले की लग्नाच्या आदल्या दिवशी ‘आचार्यास’ तांदूळ मोजून देतात. आम्ही क्षणभर चमकलो, मग हसलो. मुळात तो आचारी होता, ‘आचाऱ्यास’. तक्त्यात अर्ध्या ऱ्याची खूण रफाराच्या घरात पडली होती. हसू ओसरल्यावर प्रश्न पडला, की ज्या ठिकाणी दोन्ही अर्थ लागतात, दऱ्या आणि दर्या, तेथे आमच्या लक्षात कसे येणार?

याहून मोठा धोका शुद्धलेखन तपासणीचा होता. आमच्यातल्या तरुण सहकाऱ्याने सोय म्हणून ती चालू केली, तर ‘पानी’चे पाणी आणि ‘डोला’चा डोळा होऊ लागला. आगरी बोलीत ण आणि ळ यांच्या जागी न आणि ल येतात, आणि प्राध्यापकांनी ते कानाने टिपून तसेच लिहिले होते. ज्या गावांच्या जमिनींवर सिडकोची ही सारी नगरे उभी राहिली, त्या गावांच्या लग्नांतले शब्द ते. यंत्राने ते एका कळीसरशी आमच्या वर्गातल्या मराठीत आणून बसवले असते आणि पुढच्या अभ्यासकाला धवलारिणी प्रमाण भाषेत गात होत्या असे वाटले असते.

म्हणून आमचे म्हणणे आहे की हे काम ‘संगणकवाल्या’चे नाही. त्याला आचारी आणि आचार्य यांतला फरक कळणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आपण पोथ्यांच्या प्रती, लेखनिकांचे हस्तदोष, पाठभेद यांविषयी तासन्‌तास बोलतो. १९९० ते २००५च्या दरम्यान संगणकावर लिहिलेली मराठी ही तशीच हस्तलिखितांची रास आहे. कित्येक प्रबंध, विभागांची वार्षिके, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक अशाच टंकांत अडकून आहेत. एका विद्यार्थ्याला प्रबंधाऐवजी अशा वीस लेखांची चिकित्सक प्रत करायला दिली, तर तो पाठचिकित्सा अधिक शिकेल असे आम्हांला वाटते. विद्यापीठांना हे रुचणार नाही, ठाऊक आहे.

चोवीसांपैकी बावीस लेख आता वाचता येतात. उरलेले दोन निराळ्याच टंकात आहेत, आणि त्याचे नाव पानाच्या मजकुरात कोठेही नोंदलेले नाही. दोहोंपैकी एकाची छापील प्रत प्राध्यापकांच्या घरच्यांना जुन्या फायलीत सापडली आहे, शेवटचे पान नसलेली. येत्या रविवारी खांदेश्वर स्थानकाजवळच्या आमच्या एका सदस्याच्या घरी ती प्रत शेजारी ठेवून, एकेका रोमन अक्षरासमोर एकेक तुकडा लिहीत, आम्ही नवा तक्ता करायला बसणार आहोत.