सहलीतील एक मोकळा तास

परदेशी स्थायिक झालेली मुले नाताळच्या सुटीत दोन-अडीच आठवड्यांसाठी घरी येतात, तेव्हा बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. नातवंडांना काय दाखवायचे, कोणाकडे न्यायचे, काय खाऊ घालायचे याची यादी आधीच तयार असते. दिवस थोडे आणि यादी लांब. त्यामुळे नातवंडांच्या वाट्याला सकाळपासून रात्रीपर्यंत पाहुण्याचीच भूमिका येते. त्यांनी पाहावे, ऐकावे, खावे आणि विचारल्यास एका शब्दात उत्तर द्यावे. गेल्या डिसेंबरात आम्ही तीन पिढ्या मिळून मालवणला गेलो होतो. तेथील एका दिवसाने मला या बाबतीत थोडा वेगळा विचार करावयास लावले.

आमचा नातू अकरा वर्षांचा. तो न्यू जर्सीत वाढतो आहे. त्याला मराठी पूर्ण समजते. मात्र उत्तर येते ते इंग्रजीत. त्याच्याशी मराठीत बोला असा आग्रह सर्वजण धरतात आणि आग्रह जितका वाढतो तितका तो अधिक गप्प होतो.

सकाळी मालवणच्या धक्क्यावरून होडीने आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. हा तास माझा होता, असेच म्हणावे लागेल. कुरटे बेटावरील या जलदुर्गाचे काम शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू करविले आणि १६६७ च्या मार्चमध्ये ते पूर्णत्वास गेले. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली, भर समुद्रात, अवघ्या अडीच वर्षांत! सुमारे ४८ एकरांचा विस्तार, तीन किलोमीटरच्या आसपास नागमोडी तट आणि पायाच्या दगडांत ओतलेले शिसे. महाद्वार तर बुरुजांच्या वळणात असे दडविले आहे की, होडी अगदी जवळ येईपर्यंत ते दिसतच नाही. चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी गोड्या पाण्याच्या! नातवाने हे सारे लक्ष देऊन ऐकले, विहिरीत वाकून पाहिले आणि छायाचित्रे काढली. तो चांगला पाहुणा होता. बोलत मात्र मीच होतो.

दुपारचा तास सौ. आणि सूनबाईंचा. मालवण म्हटले की सर्वांना मासळीच आठवते आणि आपल्यासारख्यांचे तेथे कसे होणार, अशी शंका अनेकजण विचारतात. परंतु मालवणी बोलीत शाकाहारी जेवणासाठी 'शिवराक' असा स्वतंत्र शब्द आहे. श्रावणात, सोमवारी आणि सणावारी तेथील कितीतरी घरांत शिवराकच रांधले जाते. आदल्या दिवशी दूरध्वनी करून कांदा-लसूण नको, बटाटा नको, एवढे कळविले होते. केवळ शाकाहारी जेवण देणाऱ्या त्या घरगुती खानावळीतील काकूंनी आमच्यासाठी भाजलेले खोबरे, धणे व मिरी यांचे निराळे वाटप केले. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, उकड्या तांदळाचा भात, बिनलसणाची सोलकढी आणि शेवटी शिरवाळे. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवून, गरम असतानाच लाकडी साच्यातून त्यांच्या शेवया पाडतात आणि गूळ घातलेल्या नारळाच्या दुधाबरोबर त्या खातात. साचा दाबण्यास दोन माणसांचे बळ लागते. सूनबाई आणि काकूंनी मिळून तो दाबला. नातवाने दोनदा मागून घेतले, तेही खुणेनेच.

चारच्या सुमारास आम्ही चिवला किनाऱ्यावर पोहोचलो. यादीतील ठिकाणे संपली होती आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणास अवकाश होता. ओहोटी होती. पाण्यालगत वस्तीतील सात-आठ मुले टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळत होती. परंतु कोरड्या वाळूत चेंडू पडला की उसळतच नसे. नातवाने पिशवीतून आपला बेसबॉलचा हातमोजा काढला. हा मोजा कातड्याचा नको, म्हणून त्याच्या आईने शोधून कृत्रिम कापडाचा घेतला होता. मोजा पाहून मुले भोवती जमली. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे येतो, त्यामुळे वाळूची अडचण येत नाही, हे प्रथम त्याच्याच ध्यानात आले. आता खेळ समजावून देणे भाग होते आणि त्या मुलांना त्याचे इंग्रजी उमगत नव्हते.

मग जे घडले ते आम्ही चौघे दूर बसून पाहत होतो. तीन कोपऱ्यांत चपला आणि चौथ्यात करवंटी ठेवून चौकोन आखला गेला. बॅट त्या मुलांचीच, क्रिकेटची. पहिल्याच मुलाने चेंडू मागे वळवून "चार!" अशी आरोळी दिली. नातू म्हणाला, "तिकडे मारलेलं धरत नाहीत." दुसरा चेंडू मारून बॅट हातात घेऊनच धावू लागला. "बॅट टाक, टाक आणि पळ!" "बॅट कित्याक टाकूची?" या प्रश्नावर सर्वांचा हशा पिकला. या खेळात फलंदाज जेथून निघतो तेथेच, तिन्ही कोपरे फिरून, परत यावे लागते. तेव्हा कोठे एक धाव मिळते. त्या जागेला इंग्रजीत जे नाव आहे त्याला नातवाने सरळ 'घर' म्हटले. अर्ध्या तासात साऱ्या किनाऱ्यावर "घरी ये, घरी ये!" हा एकच गजर ऐकू येऊ लागला आणि त्यात सर्वांत मोठा आवाज आमच्या नातवाचा होता. सूनबाईंनी डोळे टिपले. मी समुद्राकडे पाहत राहिलो.

डिसेंबरात तेथे सहा वाजून गेल्यावर लगेच सूर्य बुडतो. सव्वापाचला हाक मारली, तेव्हा "अजून एक डाव, आजोबा!" असे शुद्ध मराठीत उत्तर आले. तो डाव होऊ दिला. मग सूर्यास्तापूर्वी किनाऱ्यावरच डब्यातील दशम्या आणि दही खाल्ले व पाणी पिऊन घेतले. त्या दोन-चार मुलांनीही एकेक दशमी घेतली.

किल्ला आणि शिरवाळे व्यर्थ गेले, असे मी म्हणणार नाही. परतीच्या प्रवासात साखरबावीविषयी त्याने आपणहून प्रश्न विचारले. परंतु त्याची जीभ सुटली ती त्याला काही सांगावयाचे होते तेव्हा, आणि ऐकणाऱ्यांना त्याच्या मराठीवाचून ते कळणारे नव्हते म्हणून. दिवसभर आम्ही त्याचे यजमान होतो. त्या एका तासात तो त्या मुलांचा यजमान झाला.

येत्या सुटीत आपल्याकडेही नातवंडे येतील. सहलीची यादी जरूर करावी, जेवणाची सोय आधी कळवावी. मात्र त्या यादीत रोज एक तास कोरा ठेवावा. त्यांनी येताना काय आणले आहे ते विचारावे आणि आसपासच्या समवयस्क मुलांत त्यांना सोडून आपण थोडे दूर बसावे.