घरची बिअर आणि न पिणाऱ्याचं मत

मी दारू पीत नाही आणि कुणाला पिण्याचा सल्लाही देणार नाही. तरीही मित्रांच्या टोळक्याने घरी बिअर बनवण्याच्या छंदाची बाजू घ्यावी, असं बरेच दिवस मनात आहे. ज्याने चव घेतली नाही त्याने यावर का बोलावं, असं कुणी म्हणेल. पण माझा मुद्दा चवीचा नाही. बनवणं आणि विकणं या दोन गोष्टी आपण एकाच तराजूत टाकतो, त्याबद्दल आहे.

हा छंद खऱ्या अर्थाने फोफावला अमेरिकेत. तिथली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तेव्हा घरी वाइन बनवायची मुभा मिळाली, बिअरची मिळाली नाही. ती यायला १९७८ उजाडावं लागलं. त्या कायद्यावर सही करणारे जिमी कार्टर श्रद्धाळू बाप्टिस्ट होते. व्हाइट हाउसच्या मेजवान्यांतून कडक दारू त्यांनीच हद्दपार केली होती. म्हणजे या परवानगीमागे काही दारूचा शौकीन राष्ट्राध्यक्ष नव्हता. कायद्याने माप ठरवून दिलं : घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन. भट्टी लावून कडक दारू गाळायला या कायद्याने परवानगी दिली नाही. आणि मुख्य अट अशी की, बनवलेली बिअर विकायची नाही.

माझा एक वर्गमित्र न्यू जर्सीत असतो. महिन्यातल्या एका शनिवारी चार-पाच जण त्याच्या गॅरेजमध्ये जमतात. त्याच्याकडून ऐकलेलं काम असं : मोड आणून वाळवलेलं बार्ली भरडायचं, साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. त्यातल्या पिठाची साखर होते. मग ते गोड पाणी गाळून हॉप्सची फुलं टाकून आणखी तासभर उकळायचं, झटकन थंड करायचं, यीस्ट टाकायचं आणि एक-दोन आठवडे हात लावायचा नाही. शेवटी किंचित साखर घालून बाटल्या भरायच्या, फेस येण्यासाठी पुन्हा थांबायचं. यातला बराचसा वेळ भांडी आणि बाटल्या निर्जंतुक करण्यात जातो. मित्र म्हणतो, ‘‘अरे, हा बिअरचा नाही, धुणीभांड्यांचा छंद आहे!’’

नेहमीचा एक घाणा पाच गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा. त्याच्या पन्नासेक बाटल्या होतात. एकट्याला हे भांडं उचलवतही नाही आणि संपवतही नाही. म्हणून टोळकं लागतं. त्यांच्यातला एक जण अजिबात पीत नाही. तापमान आणि वजनं त्याच्याकडे असतात, कारण तो चुकत नाही. ज्याला फक्त झिंग हवी तो महिनाभर वाट बघत बसणार नाही. तो कोपऱ्यावरच्या दुकानात जाईल.

आंबण्याची ही सीमारेषा आमच्या परंपरेलाही नवी नाही. खमीर आणि खम्र, म्हणजे मद्य, हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. खजूर किंवा मनुका भिजवून केलेलं नबीज किती दिवस चालतं, यावर हदीसमध्ये उल्लेख आहेत. तीन दिवसांपर्यंत, पुढे नाही. कोकणात नीरा आणि माडी यांच्यातही असंच काही तासांचं अंतर असतं. मी त्या रेषेच्या अलीकडेच राहणार. पण पलीकडे राहणारा प्रत्येक जण गुन्हेगार आहे, असं मला वाटत नाही.

महाराष्ट्रात मात्र तो गुन्हेगारच ठरतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, मग ती बादलीभर का असेना. पिण्याचा परवाना काढून दुकानातून व्हिस्की आणणारा सभ्य नागरिक, पुण्यात मायक्रोब्रुअरी काढणारा उद्योजक. आणि चार मित्रांनी बार्ली उकळली तर ते आरोपी. याला आधार म्हणून विषारी दारूची भीती दाखवली जाते. २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसं मेली, ती विसरण्यासारखी गोष्ट नाही. पण ते बळी मिथेनॉलचे होते, आणि ते मिथेनॉल नफ्यासाठी मिसळून गरिबांना विकलं गेलं होतं. बार्ली आंबवताना असं विष तयार होत नाही. घाणा बिघडला तर आंबट होतो, फार तर एखादी बाटली फुटते. आपल्याच मित्राला पाजायची गोष्ट माणूस सहसा जपून करतो.

बायकांचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. ज्यांनी मतदान करून गावातली बाटली आडवी केली, त्या विचारतील : दुकान बंद केलं, आता घरात पातेली चढवायची का? तुमच्या गॅरेजमधले इंजिनिअर वेगळे, आमचा नवरा वेगळा. हे खरं आहे. घरातला माणूस व्यसनी असेल तर महिनाभराच्या प्रतीक्षेने तो सुधारणार नाही. शिवाय ‘मित्रांसाठी’ म्हणत विकणारेही निघतील. म्हणून मोकळीक सरसकट नको. माप असावं, विक्रीला कडक शिक्षा असावी, आणि गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्याला ती लागूच नसावी.

हे अशक्य नाही. अमेरिकेत घरची बिअर सर्वांत शेवटी मान्य करणाऱ्या राज्यांपैकी एक अलाबामा. तिथे ती २०१३ मध्ये कायदेशीर झाली, आणि ज्या काउंट्यांनी दारूबंदी स्वीकारली होती, त्यांना या कायद्यातून वगळण्यात आलं.